चौतीस अंकांची जुळणी आणि ‘निर्मात्याचा पुरावा’

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सर्न ही युरोपातली कणभौतिकीची प्रयोगशाळा हरली, पैसा पाण्यात गेला, सुपरसिमेट्री (प्रत्येक मूलकणाला एक जोडीदार कण असतो हा सिद्धांत) खोटी ठरली, हिग्ज बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान कुणीतरी चौतीस अंकांपर्यंत मुद्दाम जुळवलंय हे शास्त्रज्ञांनी कबूल केलं, म्हणजे हा निर्मात्याचा पुरावाच, आणि ‘नॅचरलनेस’मधून, म्हणजे आकडे अतिअचूक न जुळवताही सिद्धांत चालायला हवा या अपेक्षेतून, आजवर काहीच निघालेलं नाही, उलट तिचे निकष सोयीने ताणले गेले, असा त्याचा सूर. माझी भाची एमएस्सीला आहे, पुढे कणभौतिकी घ्यायचं म्हणते. ताईने तोच मेसेज तिला पाठवून विचारलं, “मग यात राहिलंय काय?” म्हणून हे लिहितोय.

आधी सगळ्यात बिनबुडाचा मुद्दा. हिग्जचं वस्तुमान सुमारे 125 जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) आहे, हे मोजलेलं आहे. चौतीस अंकांची जुळणी कुणीही मोजलेली नाही. ती एका ‘जर’वर उभी आहे: आजचं स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलकणांचा सध्याचा मान्य सिद्धांत, मध्ये काहीही नवं न येता थेट प्लँक पातळीपर्यंत, जिथे गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम टाळता येत नाहीत तिथपर्यंत, म्हणजे एकावर 19 शून्यं इतक्या जीईव्हीपर्यंत, चालत राहिलं तर. तसं धरलं की मुख्यतः टॉप क्वार्क या सर्वांत जड मूलकणामुळे हिग्जच्या वस्तुमानाच्या वर्गात (वस्तुमान गुणिले वस्तुमान) अवाढव्य भर पडते आणि ती खोडायला तेवढाच अवाढव्य आकडा उलट चिन्हाने लागतो. हिग्ज आणि प्लँक या दोन्ही पातळ्यांच्या वर्गांची तुलना केली की चौतीस घरं येतात. ‘जर’ काढा, आकडाही गेला.

सुपरसिमेट्री नेमकं तेच ‘जर’ काढते. प्रत्येक कणाला एक जोडीदार, त्याचा वाटा उलट चिन्हाचा, त्यामुळे दोघे एकमेकांना खोडतात. किती शिल्लक राहतं ते जोडीदार किती जड आहे त्यावर ठरतं. एलएचसीमध्ये, म्हणजे सर्नच्या कण आदळवणाऱ्या यंत्रात, जोडीदार अजून दिसले नाहीत, म्हणजे असलेच तर ते जड असणार, म्हणून साध्या मॉडेलांत शंभरात एक, कुठे हजारात एक इतकी जुळणी मानावी लागते. कुठे ती आणि कुठे चौतीस अंक! मेसेज लिहिणाऱ्याने एका सिद्धांताचा आकडा दुसऱ्याच्या गळ्यात बांधला आणि वर निर्माता आणून बसवला. कुणाच्या श्रद्धेला माझी हरकत नाही. ती या गणितातून सिद्ध होते, हे मात्र साफ खोटं आहे.

‘निकष सोयीने ताणले’ हा आरोप अर्धा खरा आहे, तो मान्य करावाच लागतो. 1988 मध्ये बार्बिएरी आणि ज्युदिचे या भौतिकशास्त्रज्ञांनी नॅचरलनेसची मोजपट्टी दिली: सिद्धांतातला मूळ आकडा एक टक्का हलवला, तर झेड बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाचा वर्ग किती टक्के हलतो? दहा टक्क्यांपर्यंत चालेल, असं त्यांनी धरलं. पुढे प्रयोगांच्या मर्यादा वर सरकल्या तसे अनेकांनी दहाचे शंभर केले. हे मला पटत नाही. पण दहा हा निसर्गनियम नव्हता, अंदाज होता, आणि तो पहिल्यापासून उघड्यावर मांडलेला होता. त्याच ज्युदिचे यांनी 2017 मध्ये नॅचरलनेसनंतरचं युग उजाडतंय असं स्वतः लिहिलं. थापा मारणारे असं छापून सांगतात का?

‘सुपरसिमेट्री मेली’: नाही. साध्या गृहीतकांखाली ग्लुइनो (ग्लुऑन या कणाचा जोडीदार) सुमारे 2 टीईव्हीच्या, म्हणजे 2000 जीईव्हीच्या, खाली नाही, एवढंच ठरलंय. ‘पैसा पाण्यात’: हिग्ज 2012 मध्ये त्याच यंत्रात सापडला.

राहिलं ‘काहीच निघालं नाही’. 1974 मध्ये गेलार्ड आणि ली या भौतिकशास्त्रज्ञांनी नॅचरलनेसच्याच धर्तीवर विचारलं, के-मेसॉन या कणाच्या दोन रूपांतल्या वस्तुमानाचा फरक इतका सूक्ष्म का? त्यांच्या हिशेबाने तो तसा राहायला चार्म क्वार्क हा तोवर न दिसलेला कण हवा, आणि तोही साधारण दीड जीईव्हीचा. त्याच नोव्हेंबरात ब्रुकहेव्हन आणि स्टॅनफर्डमध्ये 3.1 जीईव्हीचा नवा कण सापडला: चार्म आणि त्याचा प्रतिकण (उलट विद्युतभाराचा जुळा), दोघे मिळून.