मराठी उपासनेतली गाणी: अडचण चालींची नाही

‘मराठी भक्तिगीतं जुनी झाली म्हणून तरुण गात नाहीत’ असं चर्चमधल्या उपासनेबद्दलच्या एका लेखात म्हटलं होतं; ते पटलं नाही. खरी अडचण पट्टीची, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा याची आहे. गायकवृंदातली मुलगी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून) छान गाते, पण त्याच पट्टीत उपासनेला जमलेल्या मंडळीतले पुरुष दुसऱ्या कडव्याला गप्प होतात. पांढरी एक किंवा काळी एक धरा आणि चाल तार रिषभाच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या रेच्या, वर जाऊ देऊ नका, सगळे गातील.

दुसरं, इंग्रजी चालींवर बसवलेले मराठी शब्द. ‘दिन’ लांब सुरावर आला की त्याचा ‘दीन’ होतो आणि अर्थच पालटतो. बायबलमधल्या करिंथकरांस पहिलं पत्र १४:१५ मध्ये पौल आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याबद्दल लिहितो. शब्द कळलेच नाहीत तर बुद्धीने कसं गाणार?

१८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीचा आधार घेतला, तो म्हणूनच मोलाचा. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक; नवख्या माणसालाही पुढचा शब्द आपोआप सापडतो. आठ मात्रांचा भजनी ठेका पुरतो.

एकच सांभाळा. भायखळा-गिरगावकडच्या उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमतो. तिथे झांज प्रत्येक मात्रेला वाजली की व्यंजनं बुडतात. ती फक्त समेवर (ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर) ठेवा, लय थोडी उतरवा, आणि दोन कडव्यांच्या मध्ये ठेक्याचं एक आवर्तन (एक पूर्ण फेरा) पेटी एकटी वाजू द्या. तेवढ्यात म्हाताऱ्या माणसांना श्वास घेता येतो.