बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

मोटरहोमवाल्यांमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी बाळगणाऱ्यांमध्ये, एक सल्ला फार फिरतोय. लिझर बॅटरी, म्हणजे राहत्या भागातले दिवे, पंप, फ्रिज चालवणारी बॅटरी, रात्रीत उतरत असेल तर ती गेली, मोठी घ्या. मीटरवर 12 व्होल्ट दिसले तर ठीक आहे. अर्धा तास इंजिन चालवलं की भरते. आणि अधूनमधून पूर्ण उतरवून भरली की जास्त टिकते. या सल्ल्यापायी धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातात आणि दोष गाडीतच राहतो.

सगळ्यात घातक सांगणं शेवटचं. पूर्ण उतरवून भरणं ही निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली सवय. लेड-ॲसिड, म्हणजे शिसं आणि आम्लाची नेहमीची बॅटरी उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते सहसा जात नाहीत. निम्म्याच्या खाली उतरू न देणंच बरं.

12 व्होल्ट म्हणजे ठीक? मुळीच नाही. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी काही तास विसावल्यावर साधारण 12.7 दाखवते, 12.2 ला ती निम्मी उरलेली असते. 12.0 म्हणजे तळ दिसायला लागला. चार्जर काढल्याकाढल्या घेतलेलं रीडिंग फसवं, ते वरच दिसतं.

आता अर्ध्या तासाचा हिशेब. 100 ॲम्पियर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल आणि 20 ॲम्पियर मिळत असतील, तर निव्वळ गणितानेच अडीच तास होतात. त्यात शेवटचा पाचवा हिस्सा कसाही हळूच भरतो. नव्या गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करणारे जनरेटर) इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतात. तिथे हे व्होल्टेज पुन्हा वाढवून बॅटरीला देणारा डीसी-डीसी चार्जर नसेल तर दिवसभर गाडी हाकूनही बॅटरी अर्धवटच राहते.

राहिला मुद्दा "गेली, मोठी घ्या". बॅटरी भरतेय का, हे आधी बघा. चार्जर चालू ठेवा, त्याच्या आउटपुटवर व्होल्टेज मोजा आणि मग बॅटरीवर. इथे प्रोबचं (मीटरच्या वायरीचं) टोक वायरीच्या क्लॅम्पवर नको, थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर, म्हणजे खुंटीवर टेकवा. चार्जरवर 14.4 आणि पोस्टवर 13.6 आलं, तर मधले 0.8 व्होल्ट कुठेतरी गळताहेत: हिरवट चढलेलं टर्मिनल, ढिली अर्थिंगची वायर, काळवंडलेला फ्यूजहोल्डर, नाहीतर बारीक वायर. प्रोब एकेक जोड पुढे सरकवत न्या, दोषी जोड सापडतोच. तो तसाच ठेवून मोठी बॅटरी बसवली तर तीही उपाशीच राहणार.

गळती दुसऱ्या बाजूनेही असते. सगळं बंद करून निगेटिव्ह वायरीत ॲमीटर लावा. 0.1 ॲम्पियर किरकोळ वाटतो, पण दिवसाला 2.4 ॲम्पियर-तास होतात. तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीतली 100 ची बॅटरी त्यातच निम्मी होते. थ्री-वे फ्रिज (गॅस, घरची वीज आणि 12 व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा) असेल तर तो आधी तपासा. त्याचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चिकटला की इंजिन बंद असतानाही तो 12 व्होल्टवर दहाहून जास्त ॲम्पियर ओढत बसतो, आणि बॅटरी सकाळ बघत नाही.

बॅटरी खरोखर जातेही. नीट भरून, विसावल्यानंतर लोड टेस्टमध्ये (मोठा भार टाकून केलेल्या तपासणीत) कोसळली, फुगली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर चार्जिंग लगेच थांबवा, हवा खेळती ठेवा आणि बदला. दोन बॅटऱ्या जोडीला असतील तर सुट्या करून तपासा, कारण एक खराब असेल तर चांगलीलाही खाली ओढते.

हे आकडे लिथियमला मात्र लावू नका. तिचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत 13 च्या आसपास टिकतं, म्हणून किती उरली हे शंट मॉनिटरवरच, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजणाऱ्या मीटरवरच बघावं. आणि मीटरवर शून्य आलं तर बहुधा बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, ती तोडलेली असते. लिथियमचा चार्जर लावल्यावर पुष्कळदा जागी होते, फक्त सेल गोठणबिंदूखाली असताना तो लावू नका.