दहा मिनिटांत घर घ्या, नाहीतर उठा

शनिवारी सकाळी साडेनऊला मी पुण्याच्या कडेला एका एसी मांडवात बसले होते, हातात टोकन नंबर ४७. मांडव लग्नाचा वाटावा असा, पण लग्न कुणाचंच नव्हतं. एका बिल्डरचं 'लाँच' होतं. दारात ढोल-ताशा, कोपऱ्यात पोहे आणि चहा, आणि दर पाच मिनिटांनी माइकवरून आरोळी: "टॉवर बी, सातवा मजला, बुक झाला! जोरदार टाळ्या!" मला हवा असलेला फ्लॅट दुसऱ्यानं पटकावला म्हणून मी टाळ्या वाजवायच्या! शेजारच्या काकांनी वाजवल्यासुद्धा.

आमचा नंबर लागेपर्यंत साडेबारा झाले. टेबलापलीकडचा मुलगा तेवीस-चोवीसचा, अंगात उसन्या मापाचा ब्लेझर. म्हणाला, "सर, आता पहिल्या मजल्यावरचे दोन आणि पंधराव्यावरचा एक राहिलाय. पंधराव्याला फ्लोअर राइज लागेल. दहा मिनिटं देतो." फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे. सर म्हणजे नवरा. प्रश्न मी विचारत होते, वही माझ्या हातात, चेक माझ्या खात्यावरचा, आणि उत्तरं सगळी सरांना. सर बिचारे मोबाइलवर स्कोअर बघत होते.

दहा मिनिटं! मंडईत पाव किलो भेंडी घेताना मी चार शेंगांची टोकं मोडून बघते. भाजीवाली चिडते, पण बघू देते. इथे ऐंशी लाखांचा व्यवहार, वीस वर्षांचं कर्ज, जागेवर फक्त खड्डा, टेबलावर काचेच्या पेटीतलं मॉडेल, आणि विचार करायला दहा मिनिटं. आम्ही उठलो. मागून वाक्य आलंच, "सर, सोमवारपासून रेट वाढतोय हं."

आणि आमच्या पुढे जे सेहेचाळीस होते ना, त्यातल्या एका गृहस्थांशी पोह्यांच्या रांगेत गाठ पडली. त्यांनी तीन घेतले. एक मुलाला, एक मुलीला, आणि तिसरा? "असू दे," म्हणाले. असू दे! आम्ही चौदा महिने दर शनिवारी उन्हातान्हात फिरतोय, मुलीची शाळा कुठली हे घर ठरेना म्हणून ठरत नाहीये, आणि आमचं पहिलं घर ह्या माणसाचं 'असू दे' आहे.

तो चेक कसला होता तेही सांगते. ईओआयचा, म्हणजे 'इंटरेस्ट' दाखवल्याचा. महारेराचा, म्हणजे सरकारकडे प्रकल्पाची नोंदणी झाल्याचा, नंबर मिळायच्या आधी बुकिंगच काय, साधी जाहिरातही करता येत नाही, असं २०१६ च्या रेरा कायद्यात लिहिलंय. म्हणून ही मंडळी नंबर यायच्या दोन महिने आधी पैसे घेतात, पण त्याला बुकिंग म्हणत नाहीत. इंटरेस्ट म्हणजे व्याज एवढंच आम्हाला आजवर माहीत होतं. हा इंटरेस्ट आम्हीच दाखवायचा, तोही बिनव्याजी. कायदा आहे, पण मांडवात कायद्याचा विषय काढला की सगळे आपल्याकडे असं बघतात, जणू आपण बारशाला जाऊन बाळाच्या पत्रिकेत मंगळ आहे म्हणालो.

क्षेत्रफळाचा खेळ तर निराळाच. करारात कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, लिहावा लागतो, आणि कायद्यातल्या कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही. मग ह्यांनी नवा शब्द काढला: 'यूजेबल कार्पेट'. त्यात बाल्कनी आली, ड्राय बाल्कनी आली, माझ्या मते खिडकीबाहेरची हवासुद्धा आली. सॅम्पल फ्लॅटला आतली दारं नसतात, म्हणून खोल्या मोठ्या दिसतात. एकदा मी पर्समधून टेप काढून तिथला पलंग मोजला. पाच फूट सात इंच. माझ्या नवऱ्याचे पाय गुडघ्याखालून बाहेर येतील. मोजायला लागल्यावर मात्र फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली: "मॅडम, इथे मोजायला अलाउड नाहीये."

पार्किंगचं विचारलं. उघडी किंवा स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली, जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० सालीच सांगून ठेवलंय. "विकत नाही ना मॅडम, इन्फ्रा चार्जेसमध्ये धरलंय." वा!

आता पैशांचं. सगळे म्हणतात, "बँक देते की ऐंशी टक्के." देते. ऐंशी लाखांवर चौसष्ट लाख. आपले सोळा, इथवर ठीक. पण पुण्यात मेट्रोचा एक टक्का धरून मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे पाच लाख साठ हजार. नोंदणीचे तीस हजार. हे दोन्ही बँक घराच्या किमतीत मोजत नाही, खिशातून काढायचे. बांधकाम चालू असेल तर पाच टक्के जीएसटी, अजून चार लाख, आणि आमच्या बँकेनं तोही बाहेरच ठेवला. झाले पंचवीस लाख नव्वद हजार. घरात अजून पंखासुद्धा नाही. जी बचत ह्यासाठी केली ती भाडं भरता भरता केली, आणि ते भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं.

बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ऐंशी हजार वाचतात. पण नाव फक्त बाईचं हवं. आमच्या बँकेचं म्हणणं, कर्जात नवऱ्याचा पगार धरायचा तर घरावरही त्याचं नाव हवं. गेली सवलत.

मग कुणी म्हणालं रीसेल बघा. बघितलं. कोथरूडला तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण उजेड छान, शेजार चांगला. आजोबा गोड बोलले, आजींनी कोकम सरबत दिलं. टोकन दिलं, मी त्या रात्री पडद्यांची मापंसुद्धा मनात घेतली. दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन: "मुलाचं अमेरिकेहून म्हणणं पडलं, चार लाख वाढवून द्या. आणि वरचे रोख दिलेत तर बरं." पगारदार माणसानं रोख कुठून आणायचे? पगार बँकेत येतो, कर्ज बँकेतून येतं. टोकन परत मिळायला तीन आठवडे लागले. एजंट म्हणे, "होतं असं." त्याचे दोन टक्के मात्र कधी कमी होत नाहीत.

लांब जायलाही तयार झालो. २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, त्यातल्या एका गावात एक बरा फ्लॅट दिसला. पाण्याचं काय, विचारलं. "टँकर आहे ना, चोवीस तास." हे तो अ‍ॅमेनिटी असल्यासारखं सांगत होता, क्लबहाउसच्या खालच्या ओळीत.

काल बुधवारी दुपारी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, अनोळखी नंबर. चॅनल पार्टनर, म्हणजे बिल्डरचे फ्लॅट विकणारा एजंट. "मॅडम, परवाच्या लाँचचा एक इन्व्हेस्टर फ्लॅट आलाय हातात. टॉवर बी, सातवा मजला. अजून अ‍ॅग्रीमेंट झालेलं नाही, नाव बदलून मिळेल. फक्त सहा लाख वर." चार दिवसांत सहा लाख! टाळ्या वाजवल्या होत्या त्याच फ्लॅटला.

मी दात ओठ खात विचारलं, विचार करायला किती वेळ आहे?

"आज संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला. "सरांशी बोलणं होईल का?"