सोलापुरात ओरिजिनल कसं खावं

सोलापूरला येताय ना, या की. पण नुसतं यायचं, जेवायचं, ढेकर द्यायचा आणि चादर घेऊन परत जायचं हे दिवस गेले आता, हल्ली खाण्यातलं कळावं लागतं, आणि कळत नसेल तर कळतंय असं दिसावं लागतं. दुसरं सोपंय. सात रस्त्याकडं किंवा होटगी रोडला कुठलंही मटणाचं हॉटेल गाठा आणि पोऱ्या टेबल पुसत असतानाच मान हलवत म्हणा, "पूर्वीची चव राहिली नाही." तुम्ही पहिल्यांदाच आलाय हे कुणाला माहितीय? शेजारच्या टेबलावरचे दोघंतिघं लगेच "अगदी बरोबर" म्हणतील, त्यातला एक तरी तुमच्याच गाडीनं आलेला असतो.

ताट आलं की लगेच हात घालायचा नाही, आधी मोबाईल. भाकरी गार होऊ द्या, रश्श्यावरचा तवंग गोठू द्या, पण व्हिडिओत 'ऑथेंटिक' हा शब्द चारदा तरी आला पाहिजे. कुणी ऑथेंटिकला मराठी शब्द विचारला तर 'ओरिजिनल' म्हणून सांगा.

आता ताटासोबत एका वाटीत बिनमिरचीचं, पांढुरकं मटणाचं पाणी येतं, अळणी. नवखी माणसं ते बाजूला सारतात. तुम्ही ती वाटी उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, की रेस्टॉरंट हे मुळात दुकानाचं नाव नव्हतंच, ते ह्या असल्या पाण्याचं नाव होतं. हे मी मनचं सांगत नाही बरं का, फ्रेंचमध्ये रेस्टॉरंट म्हणजे अंगात ताकद आणणारं, मांस उकळून काढलेलं सूप, १७६०च्या दशकात पॅरिसमध्ये अशक्त माणसांना ते विकणारी दुकानं निघाली आणि पदार्थाचं नाव दुकानालाच चिकटलं. म्हणजे 'एसी फॅमिली रेस्टॉरंट' ही पाटी खरं तर 'एसी फॅमिली अळणी' अशी वाचायला पाहिजे. हे वेटरला मात्र सांगू नका, त्याच्याकडं सहा टेबलं असतात.

मग लालभडक रस्सा. पहिल्या घोटाला डोळ्यात पाणी येईल, ते पुसायचं नाही, ते भावनेचं आहे असं दाखवायचं आणि म्हणायचं, "ही आपली हजारो वर्षांची परंपरा." सोबत कुणी शिकलेलं नाही ना एवढं बघून घ्या. कारण कोलंबस १४९२ साली निघाला होता मिरी आणायला, पोचला भलतीकडंच आणि त्याला सापडली मिरची, ती पुढं सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्याला आणली. त्याआधी आपला सगळा झणका मिरी, पिंपळी आणि आल्यावर चालायचा. मिरचीचं नावसुद्धा मिरीवरनं पडलंय, म्हणजे सुनेनं सासूचं नाव लावलं आणि वर्षाच्या आत कोठीच्या किल्ल्या कमरेला खोचल्या.

ठीक आहे, परंपरेचं सोडा, शेंगा चटणी तर पक्की सोलापुरी, तिला कोण हात लावतो? मी लावला होता. माझी आत्या मंगळवार पेठेत राहते आणि अजून उखळात कुटते, मिक्सरला फिरवली की नुसता भुगा होतो म्हणते, कुटली की दाण्याला तेल सुटतं, लसूण त्या तेलात मुरतो, आणि मुसळाला चिकटलेला गोळा बोटानं काढून चाटायचा असतो (तो खरा मान, वाटीतली चटणी पाहुण्यांना). तर तिच्यासमोर पाटावर बसून मी तिला ज्ञान दिलं, की आत्या, शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हियाकडचा, मिरची मेक्सिकोकडची, लसूण मध्य आशियातला, जिरं पण तिकडनं पश्चिमेकडनंच आलेलं. ती मुसळ न थांबवता म्हणाली, "मीठ तरी आपलं आहे का बघ बाबा." मी म्हटलं मीठ समुद्राचं, सोलापूरला समुद्र कुठाय. "मग पाणी पी आणि झोप," म्हणाली.

भाकरीबद्दल मी तिला काही बोललो नाही, मार खायची तयारी नव्हती. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय टॅग, म्हणजे 'ही इथलीच' असा सरकारी शिक्का आहे, पण ज्वारी पहिल्यांदा पिकवली ती सुदानकडच्या लोकांनी, आपल्याकडं ती आली चारएक हजार वर्षांपूर्वी. चार हजार वर्षं राहिल्यावर रेशनकार्ड मिळायला हरकत नसावी. पण तुम्ही ओरिजिनलवाले, तुम्हाला चालणार नाही.

एकादशीला तर फार जपा. जिल्ह्यात पंढरपूर आहे, दिंड्या निघालेल्या असतात, आणि तुमच्या उपासाच्या ताटात काय असतं? साबुदाणा, तो ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेचा, आणि त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमकडं सुरू झाले दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, म्हणजे ही सनातन खिचडी वयानं आपल्या आजोबांपेक्षा लहान. त्यात बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बाजूला रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. सगळी अमेरिका, उत्तर-दक्षिण धरून. ज्वारी-गहू परके म्हणून बाजूला ठेवायचे आणि ब्राझील पोटभर खायचा. वरीचे तांदूळ तेवढे इथले, आणि नेमकी भगर म्हटली की घरात सगळ्यांची तोंडं वाकडी होतात.

तर मग खरंच ओरिजिनल खायचं असेल तर मागं जा, चांगलं बाराव्या शतकात. आपले सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर त्या काळातले. त्याच शतकात कल्याणीला, म्हणजे आत्ताच्या बसवकल्याणला, हैदराबाद रोडनं इथून दोन-अडीच तासांवर, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा राज्य करत होता आणि त्यानं ११३०च्या सुमारास मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात राजाच्या जेवणाचं सगळं सविस्तर दिलंय. मिरची नाही, शेंगदाणा नाही, बटाटा, टोमॅटो, साबुदाणा काहीच नाही, पण वडे आहेत, मांडे आहेत, उडदाच्या इडल्या आहेत. उडप्याकडं पत्र्याच्या बाकावर बसून आपण राजाचा नाश्ता खातो आणि वर चटणी कमी दिली म्हणून भांडतो. आणि मुख्य म्हणजे, शेतातले आणि नदीकाठचे चांगले धष्टपुष्ट काळे उंदीर आहेत. शेपटीला धरून गरम तेलात केस निघेपर्यंत बुडवायचे, धुवायचे, मग पुढची कृती. कासव पण आहे, भाजलेलं.

हे ओरिजिनल. पोर्तुगीज नाही, कोलंबस नाही, आपल्याच मातीतलं, राजमान्य. तेव्हा पुढच्या वेळी हॉटेलात शिरलात की मेनू कार्ड बाजूला सारा, गल्ल्यावर मालक नोटा मोजत बसलेले असतील त्यांच्याजवळ जा आणि ठणकावून विचारा, की उंदीर आहे का, ओरिजिनल, नदीकाठचा. मोजणं चुकू नये म्हणून ते वर बघणार नाहीत.

"संपलंय सायेब," म्हणतील, "उद्या बाराच्या आत या की."