पानगळ, दातगळ

आठवड्याचं नियोजन मी रविवारी रात्री केलं. पाच रकाने, पाच रंगांची पेनं आणि वर ठळक अक्षरांत 'पानगळ सप्ताह'. आधी 'शरद सप्ताह' लिहिलं होतं. पण शरद म्हटला की मराठी डोळ्यांपुढे चांदणं येतं, आणि पानं गळतात ती शिशिरात. त्या दोघांच्या भांडणात न पडता सरळ पानगळ लिहून मोकळी झाले. शेवटच्या रकान्याचं नाव 'अध्ययन निष्पत्ती'. म्हणजे शुक्रवारी मुलांच्या डोक्यात काय उरणार, ते रविवारीच लिहून ठेवायचं. हा रकाना ज्याला कुणाला सुचला, तो दुसरीच्या वर्गावर कधी उभा राहिला नसणार. ब्रह्मदेवसुद्धा फक्त कपाळावर लिहितो, आत डोकावण्याचं धाडस करत नाही.

प्रत्येकाने पाच गळलेली पानं आणायची होती. 'गळलेली' या शब्दावर मी तीनदा जोर दिला होता. सोमवारी एकीने आख्खी फांदी आणली. एकाने प्लॅस्टिकचं पान आणलं आणि ते इतरांच्या पानांपेक्षा चांगलं आहे, हे तो दिवसभर सगळ्यांना पटवत होता. एक जण कुंडीच घेऊन आला.

"अरे, हे गळलेलं कुठंय?"

"गळेल ना बाई थोड्या दिवसांत. आई पाणी घालायला विसरते."

आणि एका मुलीने तिच्याएवढी काळी पिशवी वर्गात ओढत आणली. "बाबांनी अंगण झाडलं. म्हणाले, सगळी घेऊन जा, बाईंना लागतात." आपल्या अंगणातला कचरा शैक्षणिक साहित्य म्हणून शाळेच्या गळ्यात मारणाऱ्या त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात कोपरापासून नमस्कार केला. वर्गाच्या कोपऱ्यात गुडघाभर ढीग झाला. हा ढीग पुढे कथेत परत येणार आहे.

मग वर्गीकरण. आकार, रंग, कडा गुळगुळीत की करवतीसारख्या, अशा तीन पद्धती माझ्या कागदावर होत्या. मुलांनीही तीनच गट केले: 'माझी', 'त्याची' आणि 'त्याने माझी घेतली ती'.

ऋतू का बदलतात, यासाठी मी पृथ्वीचा गोल आणि बॅटरी आणली होती. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, बावीस-तेवीस सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात आणि मग उत्तरेकडे दिवस रात्रीपेक्षा लहान होत जातो, एवढं सांगून होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, की आपल्याकडे पानं गळतात तेव्हा दक्षिण गोलार्धात वसंत असतो.

"म्हणजे तिकडच्या मुलांना पानं आणायला सांगत नाहीत?"

"नाही. त्यांच्याकडे फुलं असतील."

वर्गात शांतता पसरली. आपल्यावर काहीतरी अन्याय झालाय, हे अठ्ठावीस चेहऱ्यांवर एकदमच उमटलं. मागून एक आवाज आला, "बाई, पृथ्वी सरळ करून का नाही घेत?"

कागदाखाली पान ठेवून वरून खडू घासायचा, म्हणजे शिरांचा ठसा उमटतो, हा कार्यक्रम मात्र झकास झाला. इतका, की पानं संपल्यावर बाकं, बूट, पट्टी आणि शेजाऱ्याचा कान यांचेही ठसे घेऊन झाले. कानाचा नीट येत नाही.

बुधवारी माझा हुकमी एक्का होता. हिरव्या पानात पिवळा रंग आधीपासूनच असतो, हरितद्रव्य त्याला झाकून ठेवतं आणि पानगळीत हरितद्रव्याचं विघटन झालं की पिवळा उघडा पडतो, ही गोष्ट मला स्वतःलाच फार आवडते. वर्षभर गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसासारखा तो पिवळा. लाल रंगाची गोष्ट वेगळी. बऱ्याच झाडांत तो पानं गळायच्या आधी साखरेपासून नव्याने तयार होतो. तर हा लपलेला पिवळा मुलांना डोळ्यांनी दाखवायचा. पानं फाडून स्पिरिटमध्ये चुरडायची, ग्लास गरम पाण्यात ठेवायचा आणि गाळणकागदाची पट्टी त्यात लोंबती सोडायची. द्रव वर चढतो आणि रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले रंग असेच वेगळे केले, खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून, आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी असं नाव दिलं. 'त्स्वेत'चा रशियन भाषेतला अर्थच रंग. खडूची भुकटी माझ्याकडेही भरपूर आहे, फक्त ती नळीत नसून केसांत असते.

स्पिरिट मीच हाताळणार होते, खिडक्या उघड्या होत्या, मुलं दोन हात लांब होती. सगळी काळजी घेतली होती. बाटलीचं झाकण तेवढं उघडलं आणि पहिल्या बाकावरची मुलगी रडायला लागली.

"काय झालं गं?"

"इंजेक्शनचा वास येतोय."

बस. तो वास सगळ्यांनी ओळखला. दोघं बाकाखाली गेले. एकाने दोन्ही हात मागे धरले. एक शूर मुलगा पुढे येऊन, शर्टाची बाही वर करून म्हणाला, "मला आधी द्या, म्हणजे सुटलो." पान आजारी आहे, माणसं नाहीत, असं समजावता समजावता पंधरा मिनिटं गेली. वर पान आजारी असल्याबद्दल चौकशा सुरू झाल्या, त्या वेगळ्याच.

रंग पट्टीवर चढायला तास-दीड तास लागतो. दुसरीतल्या मुलाच्या हिशोबात हा साधारण एका पिढीचा काळ. दर मिनिटाला कोणीतरी "झालं?" म्हणून विचारून जात होतं. शेवटी त्यांना गुंतवायला काळ्या स्केचपेनाचा ठिपका कागदावर काढून खालचं टोक पाण्यात बुडवलं. दोन मिनिटांत त्या काळ्यातून निळा, जांभळा, गुलाबी असे रंग फुटून निघाले आणि वर्गाने आ वासला. तासाभराने माझ्या पानाच्या पट्टीवर हिरव्याच्या वर पिवळी रेघ आली. स्वच्छ, सुरेख, पुस्तकात असते तशी. "बघा, बघा!" म्हणत मी वळले, तर सगळा वर्ग पाण्यात बोटं बुडवून एकमेकांच्या हातांवरचे काळे ठिपके फोडत होता. ती पिवळी रेघ पाहणारी मी एकटी. तरी वहीत चिकटवून ठेवली आहे.

गुरुवारी प्रश्न आला, "पान पडताना झाडाला दुखतं का?"

देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे पेशींचा एक नाजूक थर तयार होतो, झाड आपल्या बाजूने ती जागा आधीच बंद करून घेतं आणि मग तो थर सुटला की पान अलगद गळतं. हे मी सांगितलं आणि समोर नुसते कोरे चेहरे दिसले. तेव्हा मला ती अवदसा आठवली. मी म्हणाले, "तुमचा दुधाचा दात कसा पडतो? खालून त्याचं मूळ हळूहळू झिजत जातं, मग तो हलायला लागतो आणि एक दिवस सुटतो. जवळपास तसंच."

उपमा समजली. इतकी, की अठ्ठावीस तोंडं एकदम उघडली आणि छप्पन्न हात दात हलवायला लागले. पानांच्या आलेखासाठी फळ्यावर काढलेल्या चौकटींत बघता बघता दात भरले. दुधाचे दात माणशी २०, म्हणजे वर्गाचे ५६०. मोजले तर पडलेले १४३, उरले ४१७. हातच्याची तीन अंकी वजाबाकी मी पुढच्या सत्रात घेणार होते. एका मुलाने ती बोटांनी केली, तीही स्वतःच्या तोंडात.

आणि मग पिशवीवालीचा पुढचा दात पडला. ढिगाजवळ उभी राहून ती तो हलवत होती, शिंकली, आणि दात गेला. पानांत.

गुडघाभर पानांत एक दात शोधणं कसं असतं, ते सांगून समजायचं नाही. अठ्ठावीस मुलं रांगत होती, मीही रांगत होते. माझ्या वयात रांगण्याची 'निष्पत्ती' कंबर दोन दिवस सांगत होती. दातवाली सोडून सगळे रडकुंडीला आले होते. ती मात्र जिभेने फट चाचपत रमली होती. एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "सापडला!" मुठीत पांढरं, गुबगुबीत, छोटंसं काहीतरी. सगळे धावले. मूठ उघडली आणि दात चालू लागला.

ती अळी होती. डोक्यावर टोपी घातल्यासारखी दिसणारी ओकची फळं आम्ही ढिगाशेजारच्या ताटात ठेवली होती. सोंडकिड्याची मादी असल्या फळात अंडं घालते, अळी आतला गर खाऊन मोठी होते आणि पानगळीच्या दिवसांत गोल भोक पाडून मातीत शिरायला बाहेर पडते. आमच्या अळीला माती मिळाली नाही, दुसरीचा वर्ग मिळाला. पुढची किंकाळी माझी होती, हे इथे नोंदवून ठेवते, कारण मुलं ती अजून काढून दाखवतात.

दात काही सापडला नाही. फळ्यावर १४४ केलं, उरले ४१६, आणि ढीग भरून बाहेर टाकला. मुलीच्या आईला चिठ्ठी लिहिली. गोळा केलेल्या बिया कागदी पेल्यांत पेरून, वर चिठ्ठ्या चिकटवून खिडकीत मांडायचं काम तेवढं मुलांनी माझ्याशिवाय केलं; मी खुर्चीवर कंबर धरून बसले होते.

शुक्रवारी मोठ्या बाई वर्ग बघायला आल्या. आलेख बघून म्हणाल्या, "पानगळीचा आलेख छान आहे हं." मी काही बोलले नाही. मग खिडकीशी जाऊन एकेका पेल्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचू लागल्या. मॅपल, पंखवाली. ओक, टोपीवाली. ओक, भोकवाली. यातल्या बऱ्याच बिया थंडीचे महिने काढल्याशिवाय रुजत नाहीत, असं मी घाईघाईने सांगत होते. शेवटच्या पेल्यापाशी त्या थांबल्या. पेल्यावर लिहिलं होतं: 'पांढरी, गुळगुळीत, कडक. ढिगात सापडली. १.' खाली माती चिंब ओली होती. दोघं तिघं सारखं पाणी घालत असणार.

"ही कसली बी म्हणायची?" मोठ्या बाईंनी चष्मा सावरत विचारलं.

पिशवीवाली उठून उभी राहिली आणि मोकळी फट दाखवत म्हणाली, "माझी."