म्हणे हजार वर्षांचं भांडण!

सकाळी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने अक्कल पाजळली: "शिया-सुन्नी हजार वर्षं एकमेकांचे गळे कापतायत, इराकमध्ये अमेरिकेचा काय दोष?" खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं.

शारजाला माझ्यासोबत बगदादचा एक इंजिनियर होता. वडील सुन्नी, आई शिया. त्यांच्या लग्नात म्हणे कुणी पंथ विचारला नव्हता. २००६ च्या फेब्रुवारीत इराकमधल्या सामर्‍याच्या अस्करी मशिदीचा, शियांच्या पवित्र स्थळाचा, सोनेरी घुमट उडवला, आणि त्यानंतर त्याचा धाकटा भाऊ खिशात दोन ओळखपत्रं घेऊन फिरायला लागला. नाव उमर, म्हणजे सुन्नी. नाक्यावर बंदूक कुणाची ते ओळखायचं, मग कार्ड काढायचं.

अरे, हजार वर्षांचं वैर होतं तर आई-बापांचं लग्न कसं झालं?

मे २००३ मध्ये ब्रेमरसाहेबांनी, म्हणजे इराक ताब्यात घेतल्यावर अमेरिकेने तिथे बसवलेल्या कारभार्‍याने, सद्दामच्या बाथ पक्षाचे वरचे लोक नोकरीतून काढले आणि लगोलग अख्खं सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं घरी, बंदूक चालवता येते, पगार नाही. जुलैत कारभारासाठी २५ इराकींचं मंडळ नेमलं: १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, एक तुर्कमेन, एक ख्रिश्चन. खुर्चीच जर पंथावर मिळणार असेल तर पुढारी दुसरं काय विकणार? (हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.)

बरं, इराकमधल्या अल-कायदाचा म्होरक्या झरकावी काही अमेरिकेचा नोकर नव्हता. शियांना मारून यादवी पेटवायची हा त्याचाच बेत. सद्दामने १९९१ मध्ये शियांची कत्तल केली, तीही खरी. मान्य. पुढे?

आणि २००५ मध्ये बगदादच्या पुलावर शिया यात्रेकरूंची चेंगराचेंगरी झाली, शेकडो मेले, तेव्हा पलीकडच्या सुन्नी आझमियातला उस्मान नावाचा पोरगा त्यांना वाचवता वाचवता टायग्रिसमध्ये बुडाला. हे फॉरवर्ड कुणी करत नाही.

माझा तो इंजिनियर मित्र म्हणायचा, अमेरिकेने सगळं ठरवून केलं, फोडा आणि राज्य करा. मी भांडायचो त्याच्याशी. कट नाही रे, माज आहे, अडाणीपणा आहे. आजही मला तसंच वाटतं. पण त्याने फरक काय पडतो? देश ताब्यात घेतलात की तिथली सुव्यवस्था तुमच्या गळ्यात, हे युद्धाच्या कायद्यात, १९०७ च्या हेग नियमांत लिहिलंय. उमरला ज्यांची सगळ्यात जास्त भीती वाटायची ते दाढीवाले अतिरेकी नव्हते. नव्या गृहखात्याचे गणवेशातले पोलीस होते, अमेरिकेच्या पैशावर उभे केलेले.