ओमाहातला मेकॅनिक हरला त्याची गोष्ट

ग्रीन कार्डवाल्यांना इथे अमेरिकेत मत नाही. तरीही आमच्या नेब्रास्का राज्याची २०२४ ची सिनेट निवडणूक मी घरची असल्यासारखी जीव टाकून पाहिली. एकीकडे रिपब्लिकन पक्षाच्या डेब फिशर, २०१३ पासून सिनेटर. दुसरीकडे डॅन ऑस्बोर्न, कारखान्यातला मेकॅनिक, पहिल्यांदाच उभा आणि तोही अपक्ष.

२०२१ मध्ये केलॉग्ज या कॉर्नफ्लेक्सवाल्या कंपनीचे कामगार संपावर गेले, तेव्हा इथल्या ओमाहा शहरातल्या युनियनचा अध्यक्ष हाच होता. जुन्यांना एक पगार आणि नव्यांना कमी, ही पद्धत नको म्हणून ती माणसं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत थंडीत गेटवर उभी राहिली. माझे बाबा गिरणी कामगार. ८२ च्या संपात आमचं घर वाण्याच्या उधारीच्या वहीवर चाललं. म्हणून संपातून आलेला माणूस मत मागतो, तेव्हा मी थांबून ऐकते.

आणि तो बोलायचाही कामाचं. ट्रॅक्टर बिघडला तर शेतकऱ्याला तो स्वतः दुरुस्त करायचा हक्क हवा, कंपनीच्या माणसाची वाट बघत ऐन कापणीत बसायची वेळ येऊ नये, असं. आमच्या कोपऱ्यावरच्या आजोबांच्या अंगणात ट्रम्पची पाटी आणि शेजारी ऑस्बोर्नची. विचारलं तर म्हणाले, "याने हाताने काम केलंय."

निकाल लागला. फिशर ५३ टक्के, ऑस्बोर्न साडेसेहेचाळीसच्या आसपास. त्याच दिवशी ट्रम्प यांनी हे राज्य वीस टक्क्यांनी जिंकलं! म्हणजे आजोबांसारखी माणसं गावोगावी होती.

मला सलतो तो प्रचार. डेमोक्रॅट पक्षाने उमेदवार दिला नव्हता आणि ऑस्बोर्नने कुठल्याच पक्षाचा पाठिंबा घेणार नाही असं सांगितलं होतं. तरी टीव्हीवर एकच धोशा, हा छुपा डेमोक्रॅट. अहो, या राज्याच्या विधिमंडळाच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. फिशरबाई त्याच सभागृहातून वर आल्या. जॉर्ज नॉरिस यांना १९३६ मध्ये याच नेब्रास्काने अपक्ष म्हणून सिनेटवर पाठवलं होतं. आणि दोनच टर्म करेन हा शब्द बाईंनी स्वतः दिला होता. तो मोडला, त्याचा जाब मतदारांनी मागायलाच हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

जुलै २०२५ मध्ये ऑस्बोर्नने पुन्हा उभं राहायचं जाहीर केलं, यावेळी राज्याचे दुसरे रिपब्लिकन सिनेटर पीट रिकेट्स यांच्याविरुद्ध. त्या शनिवारी आजोबा गॅरेजसमोर पाइप लावून जुनी पाटी धूत होते.